बोरसे बाईंचं रजिस्टर

बोरसे बाई मार्क पेन्सिलनं द्यायच्या. प्रयोगवहीत पेन्सिल, रजिस्टरमध्येही पेन्सिल. बाकीचे आम्ही शिक्षक लाल पेनानं ठसठशीत आकडा काढायचो आणि खाली दोन रेघा ओढायचो. बाईंचा आकडा समासात, नखाएवढा. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पोरगं अजून शिकतंय. मी कशाला घाई करू?"

शाळा पाचोऱ्यापासून अर्ध्या तासावरच्या एका गावात. मी तिथे शिक्षणसेवक म्हणून लागलो. म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं आणि कायम होण्याची वाट बघायची. बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. मूळच्या धुळ्याच्या. गावात एक खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.नं धुळ्याला आईकडे जायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. उंच, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला, बोटांवर खडू नाहीतर मोरचुदाचा निळा डाग. चालताना पुढे जरा वाकून चालायच्या, समोर उतार असल्यासारख्या.

बाई गेल्याला आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी मला जे सांगायचं आहे ते एका माणसाला तोंडानं सांगायला हवं होतं. ते मला जमलं नाही, म्हणून लिहितो आहे.

मी रुजू झालो त्याच आठवड्यात मुख्याध्यापक महाजन सरांनी मला सांगितलं, "बोरसे बाईंचा पहिला तास मागे बसून बघा. वर्ग कसा बांधायचा ते कळेल." मी दहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलो. बाई आल्या, हजेरी घेतली आणि फळ्यावर लिहायला लागल्या. वर्षभराचे नियम. प्रयोगवही स्वतःच्या हातची. चुकलं तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचं. प्रयोगात जे दिसलं तेच लिहायचं, पुस्तकात काय आहे ते लिहायचं नाही. प्रयोग चुकला तर पुन्हा करायचा, शनिवारी शाळा सुटल्यावर. कितीही वेळा. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारपर्यंत मार्क वाढू शकतात, कमी होणार नाहीत. मग शाई. आणि शाईच्या आकड्यासमोर ज्याची त्यानं सही करायची.

एका मुलानं हात वर केला. "बाई, खोडरबर तुम्ही वापरणार का?"

"मी वापरणार," बाई म्हणाल्या. "तुझे मार्क वाढले की जुना आकडा पुसायला. माझ्याकडे खोडरबर आहे तो तुमच्यासाठी आहे."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांचं असंच होतं. विनोद त्या करत नसत, त्यांच्या बोलण्यातून तो निघायचा आणि त्या त्याच्याकडे बघत नसत.

बाहेरच्या माणसाला हे एवढं कशाला असं वाटेल, म्हणून सांगतो. दहावीच्या विज्ञानाचे ऐंशी गुण लेखी परीक्षेचे आणि वीस शाळेच्या हातातले, प्रात्यक्षिकाचे. हे वीस गुण म्हणजे आमच्याकडे प्रसाद. समोर येईल त्याला मिळतो. आजूबाजूच्या शाळांत अठराच्या खाली कुणाला पडत नाहीत. ज्या मुलानं परीक्षानळी हातात धरली नाही त्यालाही एकोणीस. बाईंच्या रजिस्टरमध्ये मात्र नऊ असत, बारा असत, पंधरा असत. वर्षाकाठी एखादे वीस असत आणि ज्याला ते मिळत तो ते गावभर सांगत फिरे.

बाईंच्या मार्कांची एक गोष्ट शाळेत सगळ्यांना पाठ होती. मी तेव्हा तिथेच होतो. नववीच्या वर्गाला बाईंनी पाणी तापवायला दिलं होतं. दर मिनिटाला थर्मामीटर बघून तापमान लिहायचं, पाणी उकळलं की किती आलं ते लिहायचं. वह्या जमल्या. अठ्ठेचाळीस मुलांपैकी सत्तेचाळीस जणांनी शंभर अंश लिहिलं होतं. मागच्या बाकावरच्या एका किरकोळ मुलानं सत्त्याण्णव लिहिलं होतं. बाईंनी त्याला उभं केलं.

"सत्त्याण्णव का?"

"बाई, तिथंच थांबलं ते. पुढं गेलंच नाही."

"पुस्तकात काय आहे?"

"शंभर."

"मग?"

"पण गेलंच नाही ना बाई," तो रडवेला होऊन म्हणाला.

बाईंनी सगळ्या वर्गासमोर पुन्हा पाणी तापवलं. शाळेत थर्मामीटर होते चार. चारही एकाच खोक्यातले, आणि चारही सत्त्याण्णववर येऊन थांबले. म्हणजे शंभर कुणालाच दिसलं नव्हतं. त्या मुलाच्या वहीत बाईंनी पूर्ण गुण लिहिले आणि बाकीच्यांच्या वहीत शून्य. मग स्वतःच्या वहीत, पाठाच्या टाचणाच्या वहीत, एक ओळ लिहिली आणि ती मोठ्यानं वाचली: "थर्मामीटर आधी तपासले नाहीत. चूक माझी." सत्तेचाळीस जणांना पुढच्या शनिवारी बोलावलं. त्या शनिवारी प्रयोगशाळेत उभं राहायला जागा नव्हती.

बाई सर्वांना आवडायच्या असं नाही. पालकांना त्या हट्टी वाटायच्या. मलाही वाटायच्या. मी येण्याआधीच्या वर्षी एक मुलगा विज्ञानात दोन गुणांनी राहिला होता. बाईंनी त्याला वीसपैकी अकरा दिले होते. महाजन सर ती गोष्ट विसरले नव्हते. "बाईंच्या दोन मार्कांपायी पोराचं वर्ष टांगणीला लागलं," ते म्हणायचे. ते खरं होतं. पण बाई जूनमध्ये रोज संध्याकाळी त्या मुलाच्या घरी जाऊन त्याला शिकवत होत्या आणि पुरवणी परीक्षेत तो सुटला, हेही खरं होतं. मी एकदा धीर करून बाईंना विचारलं, "बाई, दोन मार्क टाकले असते तर काय बिघडलं असतं?"

त्या डबा खात होत्या. कळण्याची भाकरी आणि ठेचा. घास त्यांनी तसाच हातात धरला. मग म्हणाल्या, "मलाही रात्री तेच वाटलं होतं, देसले. उत्तर सापडलं नाही." आणि भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला.

माझं तिसरं वर्ष सुरू झालं तेव्हा दहावीत पूनम नावाची मुलगी होती. अंगानं बारीक, वेणी करकचून बांधलेली, बोलायला लागली की आधी ओठ घट्ट मिटायची. वडील नव्हते. आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायची आणि स्वतःची दोन एकर कोरडवाहू कपाशीही बघायची. दिवाळीनंतर आमच्याकडे कापूस फुटतो आणि वर्ग रिकामे होतात. मुलं वेचणीला जातात. पूनमही जायची. पहिल्या सहामाहीअखेर बाईंच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावासमोर नऊ होते.

बाईंनी तिला शनिवारी थांबायला सांगितलं. ती दोन शनिवार थांबली, तिसऱ्या शनिवारी आई शाळेत आली. डोक्याला कापसाचे तंतू चिकटलेले, थेट वावरातून आलेली. प्रयोगशाळेच्या दारातच उभी राहिली.

"बाई, पोरले शनवारले ठेयी लेतस. मंग कापूस येचाले कोन येई?"

बाई धुळ्याच्या. त्यांनी लगेच अहिराणीत उत्तर दिलं. "मी येसू. रविवारले मी येस तुन्हा वावरमा. पोरले शनवारले ऱ्हाऊ दे."

आईला वाटलं बाई चेष्टा करतात. पण त्या रविवारी बाई धुळ्याला गेल्याच नाहीत. सकाळी पूनमच्या शेतात हजर. पूनमनंच मला नंतर सांगितलं, की बाईंना वेचणी अजिबात येत नव्हती. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी त्यांची बोटं सोलून निघाली, ओटीत कापसापेक्षा पानांचा चुराच जास्त जमला आणि आईला तो पुन्हा बसून निवडावा लागला. सोमवारी बाई खडू चिमटीत धरताना तोंड वाकडं करत होत्या. असे त्यांनी तीन रविवार काढले. चौथ्या रविवारी आईनंच हात जोडले. "बाई, तुम्ही नका येऊ. पोर येई शनवारले, बठ्ठा शनवार येई."

आणि पूनम खरोखर सगळ्या शनिवारी येत राहिली. शाळा साडेअकराला सुटायची. मुलं सायकली काढून जायची आणि प्रयोगशाळेत बाई, पूनम आणि कधी आणखी तीन-चार मुलं असायची. मी कधीमधी डोकवायचो. पूनम काचेच्या चिपेसमोर टाचण्या टोचून एक डोळा मिटून बघत बसलेली असायची. बाई तिला काही सांगत नसत. खिडकीशी उभ्या राहून दुसऱ्या वह्या तपासत. एकदा पूनमनं तिसऱ्यांदा तोच प्रयोग केला आणि कोन जुळले तेव्हा तिनं "बाई" एवढंच म्हटलं. बाई आल्या, टाचण्यांच्या रेषेत आपला डोळा आणला आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग रजिस्टर उघडलं, बारा पुसले आणि चौदा लिहिले. जानेवारीत त्या चौदाचे सतरा झाले. पूनमला तो आकडा बघायला बाईंनी बोलावलं होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं, आणि बाई म्हणाल्या, "हळू, पुसशील."

जानेवारीच्या शेवटी बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. धुळ्यात. दहा दिवसांची रजा. जाण्याआधी त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

"रजिस्टर आत आहे. आकडे सगळे पक्के झालेत. तुम्ही फक्त शाईनं गिरवा आणि मुलांच्या सह्या घ्या. मला आता बारीक दिसत नाही, नाहीतर जाण्याआधी मीच केलं असतं."

"करतो बाई. काळजी करू नका."

"काळजी नाही करत. म्हणून तर तुम्हाला दिली."

दोन दिवसांनी महाजन सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. ते वाईट माणूस नव्हते, हे मला इथे सांगायलाच हवं. त्या वर्षी आमची पटसंख्या घसरली होती. शेजारच्या शाळेचा निकाल चांगला, म्हणून मुलं तिकडे चालली होती. आणखी एक तुकडी बंद झाली असती तर एक शिक्षक अतिरिक्त ठरला असता. तो मीच, कारण सर्वांत नवा मी.

"देसले सर, रजिस्टर तुमच्याकडे आहे ना?" ते म्हणाले. "आपली मुलं बाहेर जातात तेव्हा कुणी विचारत नाही की बारा खरे होते का. बारा म्हणजे बारा. शेजारच्या गावात सरसकट एकोणीस आहेत. आपल्या पोरांनी काय पाप केलंय?"

"पण बाईंनी..."

"बाई मोठ्या आहेत. त्यांना मी सांभाळून घेईन. तुम्ही सगळ्यांना एकोणीस करा. मी जबरदस्ती करत नाही. तुम्हीच विचार करा."

जबरदस्ती त्यांनी खरंच केली नाही. मला कायम करण्याचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर होता, पण त्याचं नावही त्यांनी काढलं नाही. ते काढण्याची गरज नव्हती. मी मनाशी म्हटलं, यात कुणाचं नुकसान आहे? यंदा वीस कुणालाच नाहीत, सगळ्यांचे वाढणारच आहेत. सतराचे एकोणीस होतील, नऊचेही एकोणीस होतील. कोण रडणार आहे?

दुपारच्या सुट्टीनंतर माझा तास मोकळा होता. प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि शाळेसमोरच्या दुकानातून आणलेल्या नव्या खोडरबरानं मी अठ्ठेचाळीस आकडे पुसले. बाईंनी हलक्या हातानं लिहिलेले असायचे, पुसायला काहीच त्रास झाला नाही. पूनमच्या नावासमोरचा कागद मात्र पातळ झाला होता. आधी तिथे नऊ, बारा, चौदा येऊन गेले होते. तिथे मला पेन जपून चालवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सह्या घेतल्या. मुलं रांगेनं आली. एकोणीस बघून एकमेकांना ढोसत होती. एकानं तर, "सर, माझेच ना?" म्हणून दोनदा नाव वाचलं. तो वर्षभरात शनिवारी एकदाही आला नव्हता. पूनमची पाळी आली. तिनं आधी स्वतःचा आकडा बघितला, मग वरचा, मग खालचा. मग बोट वरून खाली सगळ्या रकान्यावरून नेलं.

"सर, सगळ्यांना एकोणीस आहेत?"

"हो. यंदा सगळ्यांनी चांगलं केलं."

"बाईंनी दिलेत?"

तिच्या मागे अजून वीस-पंचवीस मुलं उभी होती. खरं तर ते कारण नव्हे. मी म्हणालो, "बाईंनीच दिलेत."

तिनं ओठ मिटले. ती आता काहीतरी बोलेल असं मला वाटलं. पण तिनं सही केली, पेन टोपण लावून माझ्यासमोर ठेवलं आणि गेली.

बाई परत आल्या त्या काळा चष्मा लावून. मुलं भोवती जमली, डोळ्याची चौकशी केली. पूनम वर्गातच बसून राहिली. पुढच्या आठवड्यात दहावीचा निरोप समारंभ झाला. मुली एकेक करून शिक्षकांच्या पाया पडत होत्या. पूनम महाजन सरांच्या पाया पडली, माझ्या पडली आणि बाईंच्या खुर्चीसमोरून मान खाली घालून पुढे गेली. बाईंनी डोक्यावर ठेवायला हात उचललेला होता. तो त्यांनी हळूच मांडीवर घेतला.

त्या संध्याकाळी त्यांनी रजिस्टर मागितलं. तोवर डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती, म्हणून त्यांनी ते उघडलंच नव्हतं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पान डोळ्याजवळ नेलं. मी समोर उभा. एवढा वेळ लागला की बाहेर शिपायानं खोल्यांना कुलपं लावून संपवली.

"अक्षर तुमचं आहे," बाई म्हणाल्या.

"हो बाई. महाजन सरांनी..."

"सर केबिनमध्ये असतात. किल्ली तुमच्याकडे होती." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "आकडे गेले?"

"गेले. वर पाठवले."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग विचारलं, "पूनमला काय सांगितलंत?"

मी खरं ते सांगितलं. ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, सगळं. बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला, त्यामुळे त्यांचा चेहरा मला वाचता येईना.

"असं झालं होय," त्या म्हणाल्या. "तरीच."

त्या उठल्या. "हे बघा देसले. आकडे आता परत येत नाहीत. मुलांचं काही वाईट झालं असंही मी म्हणणार नाही. तुमची नोकरी आहे, तेही मला कळतं. पण तिला जाऊन एवढं सांगा, की बाईंनी सतरा दिले होते. ते तिचे होते. बाकीच्यांचे तिच्याएवढे नव्हते."

"तुम्हीच सांगितलंत तर बाई? तुमचं ती ऐकेल."

"मी सांगितलं तर ती म्हणेल, बाई आता सावरून घेतात. ज्यानं लिहिलं त्यानं सांगायचं."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून दहावीची अभ्यासाची सुट्टी लागली. परीक्षेत तिचं मन कशाला विचलित करायचं, असं म्हणून मी परीक्षा संपायची वाट बघितली. परीक्षा संपली तेव्हा ती आईबरोबर मामाच्या गावी गेली होती. निकालाच्या दिवशी ती गुणपत्रिका न्यायला आली, चांगली पास झाली होती, आणि तेव्हा तिच्या आनंदावर विरजण कशाला, असं मला वाटलं. प्रत्येक वेळी मला कारण सापडलं, आणि ते पुष्कळदा चांगलं कारण असायचं. मग ती अकरावीला पाचोऱ्याला गेली. त्याच उन्हाळ्यात मी कायम झालो. पेढ्याचा खोका घेऊन मी बाईंकडे गेलो. त्यांनी पेढा घेतला, "चांगलं झालं," म्हणाल्या. त्यांना खरंच चांगलं वाटलं होतं, ते दिसत होतं. त्यामुळे मला अधिक वाईट वाटलं.

माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या. डब्यातली भाकरी द्यायच्या. पण त्यानंतरची दोन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, रजिस्टर त्यांनी कधी कपाटात ठेवलं नाही. कापडी पिशवीत घालून रोज खोलीवर न्यायच्या आणि रोज परत आणायच्या. पावसाळ्यात त्याला प्लास्टिकचा कागद गुंडाळायच्या. मार्क मात्र शेवटपर्यंत पेन्सिलनंच दिले. महाजन सर ते मार्क पुढे काय करत होते, हे त्यांना माहीत असणारच. त्यांनी ते विचारलं नाही. आपल्या वहीतलं आपण खरं लिहायचं, एवढंच त्यांनी हातात ठेवलं. पूनमला सांगितलंत का, असं त्या दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्या विसंबल्या होत्या की वाट बघत होत्या, ते मला ठरवता आलं नाही.

निवृत्तीनंतर त्या धुळ्याला गेल्या. आई वारली होती. देवपूर भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या. मी सणावाराला फोन करायचो. मागच्या वर्षी मला धुळ्याला शनिवार-रविवार असं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. फोन केला, म्हटलं, भेटायला येतो, संध्याकाळी येऊ का?

"संध्याकाळी नको," बाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी या. साडेसातला. उशीर करू नका."

मला वाटलं, बाई अजून तशाच वेळेच्या पक्क्या. मी साडेसातला तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो. बाई खूप वाळल्या होत्या. साखर वाढली होती, मूत्रपिंडावर परिणाम झाला होता, दर पंधरा दिवसांनी रक्त तपासावं लागायचं. हे त्यांनी दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. मला चहा दिला, स्वतः घेतला नाही. शाळेची चौकशी केली. मग एकदम विचारलं,

"देसले, त्या पूनमला सांगितलंत का तुम्ही?"

इतक्या वर्षांनी तो प्रश्न आला आणि मी एका क्षणाचाही विलंब न करता म्हणालो, "हो बाई. तेव्हाच सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. बरं वाटलं तिला."

बाईंनी मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दारावरची घंटा वाजली. बाईंनी दार उघडलं आणि एक तरुणी आत आली. हातात नमुने न्यायची छोटी पेटी, गळ्यात लॅबचं ओळखपत्र. वेणी तशीच करकचून बांधलेली. मी कपातला उरलेला चहा एकदम प्यायलो.

"ओळखलंत?" बाई मला म्हणाल्या. "आपली पूनम. इथल्या लॅबमध्ये असते. पाच-सहा महिने झाले, माझं रक्त हीच नेते."

"नमस्कार सर," पूनम म्हणाली. चांगलं हसली. मग बाईंकडे वळून कामाच्या आवाजात विचारलं, "उपाशीपोटी आहात ना?"

"आहे. पण तुम्ही जरा बोला दोघं. मी पाणी पिऊन येते." आणि बाई आत गेल्या.

स्वयंपाकघर म्हणजे चार पावलांवर. पाणी प्यायला किती वेळ लागतो? बाई आत गेल्या आणि आल्याच नाहीत. नळाचा आवाज नाही, भांड्याचा आवाज नाही. पूनम खुर्चीवर बसून पेटीतून नळ्या काढत होती, त्यांवर बाईंचं नाव लिहून चिकटवत होती. मी तिच्या हातांकडे बघत होतो. सांगायला चार वाक्यं पुरली असती.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"चांगलं आहे सर. डी.एम.एल.टी.चा, लॅबचा कोर्स केला इथेच. आईलाही इकडेच आणलंय."

"अरे वा. आई बरी आहे?"

"गुडघे दुखतात."

"बाईंची काळजी घेतेस, छान वाटलं."

तिनं नळी उजेडात धरून बघितली. "कामच आहे सर," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दुसऱ्या कुठल्या पेशंटविषयी बोलावं तितक्याच सरळपणानं ती बोलली. शनिवारचं, टाचण्यांचं, शेतात आलेल्या बाईंचं ती काहीच बोलली नाही.

मी म्हणालो, "आता उन्हाळा फार वाढला इकडे."

बाई बाहेर आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पाण्याचा पेला त्यांच्या हातात भरलेलाच होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, आवाज होऊ न देता.

"निघतो बाई," मी म्हणालो. "प्रशिक्षण नऊला सुरू होतं."

"या," बाई म्हणाल्या. "जिना बघून उतरा. मधली एक पायरी मोडली आहे."

मी चपला घातल्या. दार उघडंच होतं. जिन्याच्या वळणावरून मी मागे बघितलं. बाई खुर्चीत बसल्या होत्या, बाही वर सारलेली, हात टेबलावर सरळ ठेवलेला, इतका बारीक की मला आधी कळलंच नाही की तो त्यांचा आहे. दंडाला पट्टा बांधला होता. पूनम त्यांच्यावर वाकली होती. बाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

"मूठ उघडा आता," पूनम म्हणाली. "झालं."

बाईंनी मूठ उघडली नाही. पूनमनं सुई काढली, कापूस दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांची बोटं एकेक करून उलगडायला लागली.